बिनगाठीची फळी

मी सुतार आहे. शाळा तिसरीपर्यंत झाली, तीसुद्धा मास्तरांनी कान धरून बसवलं तेवढीच. अक्षर रत्नागिरीकडच्या मराठी शाळेने दिलं आणि लाकूड बापाच्या हातचा मार खाऊन कळलं. तेव्हा या लिहिण्यात चुका निघतील त्या मास्तरांच्या. लाकडात निघणार नाहीत.

बहरीनमध्ये माझी बरीच वर्षं सनद नावाच्या गावी एका सुतारखान्यात गेली. मालक तिथलाच अरब, त्याला आम्ही अरबाब म्हणायचो. दारं, खिडक्या, किचनची कपाटं असं काम. लाकूड बाहेरून यायचं, त्यात थंड मुलखातलं पांढरं लाकूड जास्त. दिसायला देखणं, रंध्याखाली लोण्यासारखं, पण त्यात एक खोड असते. गाठ. फांदी जिथे फुटते तिथे खोडात गाठ राहते आणि तिच्यात चीक साठतो. वर कितीही रंग मारा, उष्मा वाढला की तो चीक पाझरतो आणि रंगातून तपकिरी डाग वर येतो. माझा बाप म्हणायचा, गाठीची फळी आणि घरातला दुश्मन सारखेच, दोघेही दम धरून बसतात. मी गाठीच्या फळीला हात लावत नसे. इतर सुतार हसायचे, चाचा फळी निवडतात की सून, म्हणायचे. म्हणोत. सून निवडताना माझी फसगत झाली, फळी निवडताना कधी नाही.

कुवेतची लढाई संपली त्या साली अरबाबने मला शहरातल्या अदलिया भागात एका जर्मन साहेबाकडे धाडलं. साहेब चित्रकार होता. साठीकडे झुकलेला, उंच, पण जिना चढताना छातीवर हात ठेवणारा. त्याची बायको एका ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर होती, तिला आम्ही मॅडम म्हणायचो. तिच्या नोकरीपायी तो देशोदेशी फिरला होता आणि जिथे गेला तिथली जमीन काढत राहिला होता. डोंगर, दलदल, समुद्राचा किनारा, वाळवंट. दुसरं काही नाही.

त्याच्या खोलीत भिंतीला टेकून चित्रं उभी होती. मला चित्रातलं कळत नाही, पण नजर आहे. ती चित्रं बघताना मला बराच वेळ काहीतरी खुपत होतं आणि काय ते सापडत नव्हतं. मग सापडलं. एकाही चित्रात जीव नव्हता. माणूस सोडा, कुत्रं नाही, पाखरू नाही. घरं होती, धुराडी होती, एका चित्रात तर चाकाच्या ताज्या खुणा बर्फातून गेलेल्या होत्या, पण गाडी नव्हती. सगळे आत्ताच उठून गेलेत आणि आपण उशिरा पोचलो, असं वाटायचं.

मला ते बरंच वाटलं, कारण माझी एक अट होती. आमच्या घरात जिवंत माणसाची, जनावराची तसबीर लावत नाहीत. माझ्या बापाने खाटेच्या पायावर कधी साधा मोर कोरला नाही, गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल म्हणायचा. मी साहेबाला माझ्या मोडक्या इंग्रजीत आणि हातांनी सांगितलं, झाड चालेल, डोंगर चालेल, माणूस काढायचा असेल तर माझी फळी मिळणार नाही. साहेब माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, माणूस मी लहानपणापासून काढलेला नाही, काढणारही नाही. मी म्हटलं, मग आपलं जमलं.

त्याला एका मोठ्या चित्रासाठी अस्सल लाकडाची फळी हवी होती, प्लायवूड नको. मॅडमची नोकरी संपत होती, ते दोघे कायमचे घरी जाणार होते. तिकडे डॉक्टरांनी त्याच्या छातीच्या ऑपरेशनची तारीख देऊन ठेवली होती. त्याआधी बहरीनचं एक चित्र पुरं करायचं, असं त्याचं ठरलं होतं.

फळ्या निवडायला तो स्वतः सनदला आला. मी एकेक फळी उन्हात धरून दोन्ही अंगांनी बघत होतो आणि टाकत होतो. शेवटी मनासारख्या मिळाल्या, दुधासारख्या, रेघ सरळ, टिपकासुद्धा नाही. साहेबाने एकीला नाक लावलं आणि डोळे मिटले. म्हणाला, हे झाड माझ्या गावाकडचं आहे. अरबाब हसला. लाकूड जहाजाने येतं, चार बंदरं फिरून, कुठल्या गावचं ते अल्ला जाणे. पण साहेब तसाच उभा होता, वास घेत. मी त्या फळ्या जोडून, मागे पट्ट्या मारून, टेबलाएवढा एक तक्ता करून दिला.

त्याच दिवसांत आभाळ काळं झालं. कुवेतमधल्या तेलाच्या विहिरी जळत होत्या आणि वारा फिरला की तो धूर समुद्रावरून आमच्याकडे यायचा. भर दुपारी गाड्यांचे दिवे लागायचे. वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे कण बसायचे. ऊन नाही आणि पाऊसही नाही, आणि उजेड असा की माणसाची सावलीच पडत नव्हती. आमचे लोक दारं लावून बसले. साहेब मात्र खूष. म्हणाला, आमच्याकडे भर हिवाळ्यात असा उजेड असतो. मला कुठे मोकळ्यावर घेऊन चल.

मी अरबाबची पिकअप काढली. रिफा गावाच्या वाटेवर जुन्या कबरींचे ढिगारे आहेत, मातीचे, नजर पोचेल तिथवर, उलट्या ठेवलेल्या टोपल्यांसारखे. फार जुन्या, पैगंबरांच्याही आधीच्या म्हणतात. कोण पुरलंय, कुणाला ठाऊक नाही. मी उतरलो आणि सवयीप्रमाणे सलाम केला. कबरस्तानात शिरताना आम्ही तिथल्या लोकांना सलाम करतो, ती रीत आहे. कबरीतले आपले की परके हे मी विचारत बसलो नाही.

साहेबाने विचारलं, कोणाशी बोललास? मी सांगितलं, यांच्याशी. त्याने विचारलं, ते उत्तर देतात? मी म्हटलं, देतात. आपल्याला ऐकू येत नाही, एवढंच.

त्यावर तो स्टुलावर बसून पेन्सिलीने काढू लागला. मी गाडीत बसलो. काच लावली तरी थंडी वाजत होती, आणि दिवस उन्हाळ्याचे. थोड्या वेळाने बघतो तर साहेबाचं काढणं थांबलेलं, मान एका बाजूला कलती, आपल्याला कुणी हळू हाक मारली तर आपण धरतो तशी. समोर दोन ढिगाऱ्यांमधली मोकळी जागा. तिथे काही नव्हतं. मी नीट बघितलं होतं, म्हणून सांगतो.

मग बरेच दिवस तो घरात रंगवत होता. त्याची रीत वेगळी. आधी सगळा तक्ता पांढरा, मग करडा, मग पातळ पातळ रंग, चहाच्या पाण्यासारखे, एकावर एक, प्रत्येक सुकेपर्यंत वाट बघायची. मी चौकटीचं माप घ्यायला अधूनमधून जायचो. चित्रात ढिगारे होते, वर ते काळं आभाळ, आणि मधली जागा रिकामी. खरी जागा बघताना नकोशी वाटली होती, तशीच.

त्यांच्याकडे स्वयंपाकाला वसईची एक ख्रिस्ती बाई होती. मी तिला बाय म्हणायचो, ती मला चाचा. तोंडाची फटकळ. एक दिवस मी चौकट घेऊन गेलो तर ती दारातच आडवी आली. म्हणाली, "चाचा, आत जायच्या आधी ऐका. त्या चित्रात पोर आलीय."

मी म्हटलं, कसली पोर? ती म्हणाली, स्वतःच बघा, मी आता त्या खोलीत झाडू मारत नाही.

मी बघितली. दोन ढिगाऱ्यांच्या मधोमध, करंगळीएवढी, तपकिरी. डोक्याला फडकं बांधलेलं, अंगात काहीतरी जाड. तोंड नव्हतं, पण ती आपल्याकडेच बघत होती यात शंका नव्हती. आणि एक हात बाजूला लांब केलेला, जरा वर, मोठ्या माणसाने लहान पोराचा हात धरलेला असतो ना, तसा. धरणारा कोणी नव्हता.

माझं डोकं फिरलं. मी साहेबाला म्हटलं, तू जबान दिली होतीस. साहेब खुर्चीत बसला होता, दाढी वाढलेली. म्हणाला, मी नाही काढली. ती आली. आधी नुसता डाग होता, मग खांदे दिसले, मग हात.

मग त्याने मला विचारलं, "खरं सांग, फळीत गाठ आहे?"

मला काय वाटलं असेल ते सुतारालाच कळेल. आयुष्यभराचं नाव, आणि हा माणूस विचारतो गाठ आहे का. मी म्हटलं, माझ्या फळीत गाठ नसते.

त्याने पुन्हा विचारलं, एखादी बारीक, आत दडलेली? मी म्हटलं, साहेब, तुमच्या डोळ्यांसमोर निवडली, सूर्याला धरून निवडली. गाठ मफी, नाहीच. खलास.

साहेबाचा चेहरा उतरला नाही, उलट शांत झाला. मला ते जास्त वाईट दिसलं. म्हणाला, मग तीच आहे.

बाहेर आल्यावर बायने सगळं सांगितलं, तिला मॅडमने सांगितलेलं. साहेब बारा-तेरा वर्षांचा असताना त्यांच्याकडे मोठी लढाई चालू होती. भर हिवाळ्यात त्याचं सगळं गाव घरंदारं टाकून बर्फातून चालत निघालं. धाकट्या बहिणीचा हात त्याच्या हातात दिलेला होता. वाटेत विमानं आली, माणसं पांगली, आणि हात सुटला. पुन्हा ती दिसली नाही, जिवंत नाही की मेलेली नाही. त्यानंतर त्याने कधी माणूस काढला नाही.

"आता ऐका," बाय म्हणाली, "तो घरी जायला नाही म्हणतोय. हिला एकटी टाकून जाणार नाही, आणि हिला हलवणारही नाही, म्हणतो. पुसून टाक म्हटलं तर म्हणतो, तिच्यावर ब्रश फिरवू? मॅडम रडून रडून अर्ध्या झाल्या. ऑपरेशन नाही झालं तर डॉक्टर म्हणतात हे वर्ष निघणार नाही. तुम्ही एवढंच बोला, गाठ होती म्हणून."

मी म्हटलं, नव्हती.

"नसू दे. बोलायला तुमचं काय जातं?"

मी म्हटलं, माझंच जातं, दुसऱ्या कोणाचं जात नाही.

"चाचा, तुमच्या तोंडात गूळ कोंबला तरी कडूच निघेल," ती म्हणाली आणि आत गेली.

मी सनदला परत आलो. माझं म्हणणं साधं होतं. पोर खरी असेल तर ती अल्लाची मर्जी, डाग असेल तर रंगाचा दोष. फळीला का गोवता? आणि जनाजा म्हणजे जनाजा, ज्याचा त्याचा निघायचाच. असं मी स्वतःला समजावत होतो आणि रंधा चालवत होतो, पण हाताला काम लागत नव्हतं. पुढच्या वेळी गेलो तर साहेब चित्रापुढे खुर्ची ओढून जेवत होता. जेवत कसला, ताट मांडीवर. दुसरं ताट चित्राखाली जमिनीवर ठेवलेलं. मॅडम दारात उभी होती.  ती नुसती ताटाकडे बघत होती. आणि चित्रातली पोर आधीपेक्षा ठसठशीत झाली होती. हाताची बोटं दिसत होती.

घरी येताना गाडीत मी पक्कं केलं, गाठ होती असंच सांगायचं. पण नुसतं बोलून साहेब मानणारा नव्हता, मीच त्याला इतक्या ठणकावून सांगितलं होतं. त्याला दाखवायला हवी होती.

आयुष्यभर गाठ टाळणारा मी, त्या दिवशी सुतारखान्याच्या भंगारात गुडघ्यावर बसून गाठ शोधत होतो. एकाने विचारलं, चाचा, काय हरवलं? मी म्हटलं, तुझी अक्कल. शेवटी एक मिळाली, काळी, चिकट, रुपयाएवढी, बाजूने चीक सुकलेला. भोवतीच्या लाकडासकट ती कापून गोल केली आणि खिशात घातली.

मॅडम आणि बाय साहेबाला तपासायला डॉक्टरकडे घेऊन गेल्या तेव्हा दुपारी मी त्या खोलीत एकटा गेलो. जमिनीवर चादर अंथरली आणि चित्र पालथं घातलं. पोर बरोबर कुठे येते ते मापून मागच्या अंगाला खूण केली. पटाशी लावली आणि ठोकली.

खालून टक्क आवाज आला. मी थांबलो. पुन्हा ठोकलं, पुन्हा आला, जरा उशिरा, जरा हलका. कोणी म्हणेल टेबल पोकळ असेल. टेबल नव्हतंच. खाली चादर होती आणि चादरीखाली फरशी. मी कलमा म्हटला आणि काम चालू ठेवलं, कारण अर्ध्यात काम टाकणारा मी नाही. प्रत्येक घावाला खालून तसंच उत्तर येत होतं. लाकूड निघत गेलं तसं आतून थंड लागू लागलं. महिनोन्महिने सुकलेलं लाकूड, बाहेर अंग भाजणारा दिवस, आणि माझी बोटं गारठून पटाशीवरून घसरत होती. भुसा ओला होता. वास चिकाचा नव्हता. कसला होता ते मला सांगता येणार नाही, मी बर्फ कधी बघितलेलं नाही.

आणि गाठ नव्हती. खड्डा शेवटपर्यंत दुधासारखा पांढरा. मी बोट फिरवून बघितलं, डोळा लावून बघितलं. हे मी इथे लिहून ठेवतो, कारण बघणारा मी एकटाच होतो.

त्या खड्ड्यात मी भंगारातली गाठ बसवली, सरस लावून, रेघेला रेघ जुळवून. वरून चहाचं पाणी आणि धूळ चोळली. एवढी साफ कारागिरी मी कोणाच्या दिवाणखान्यात केली नसेल.

साहेब आला तेव्हा चित्र पालथंच होतं. मी म्हटलं, साहेब, बसा. मला परत बघावंसं वाटलं म्हणून बघितली. गाठ आहे.

तो खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसला. गाठीवर बोट ठेवलं, कडेने फिरवलं. बराच वेळ. मॅडम दारात, बाय तिच्या मागे.

"तू म्हणालास गाठ नाही," तो म्हणाला.

"दिसली नाही."

"तुला दिसली नाही?"

"डोळे गेले साहेब आता. माझी चूक."

हे शब्द मी बापापुढेसुद्धा कधी काढले नव्हते. साहेबाने बोट उचलून नाकाशी नेलं. चिकाचा वास येत होता, ताजा. मग त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं होतं की नाही, मला आजतागायत ठाऊक नाही. तो रडायला लागला, आवाज न करता, आणि मॅडम येऊन त्याच्याजवळ बसली.

दुसऱ्या दिवशी त्याने चित्र उभं केलं आणि वाळूचा रंग कालवला. मी तिथेच होतो, चौकट बसवायला. त्याने पोरीला पायापासून झाकत नेलं. हात शेवटी राहिला. साहेब त्याच्या भाषेत काहीतरी हळू बोलला, आणि हातावरूनही ब्रश फिरवला. खोलीत त्या क्षणी उकडायला लागलं. बायने पदराने तोंड पुसलं, माझ्या पाठीवरून घाम ओघळला. 

ते गेले. चित्र मीच पेटीत बंद केलं. निघताना साहेबाने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "लाकूड पुढे नीट बघून घेत जा." मी हो म्हटलं.

काही महिन्यांनी मॅडमचा बायला फोन आला. ऑपरेशन झालं, साहेब चालतोय, नवीन चित्र काढतोय. बायने मला सांगितलं आणि विचारलं, चाचा, त्या चित्रात पुन्हा काही आलं का, ते विचारू का मॅडमला? मी म्हटलं, खबरदार.

साहेबाने जाण्याआधी भल्या मनाने अरबाबला सांगून ठेवलं होतं की म्हाताऱ्याला बोलू नका, एका गाठीने काय होतं. त्यामुळे सगळ्या सुतारखान्याला कळलं. अरबाब पुढे चांगलं लाकूड आलं की दुसऱ्याला बघायला सांगू लागला. पोरं माझ्या मागे हसायची. एकदा गावाकडून नवीन आलेला एक सुतार जेवायच्या वेळी माझ्याशेजारी बसला आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, चाचा, तुम्ही त्या जर्मनाला गाठीची फळी दिली, हे खरं?

सगळे हात ताटात थांबले.

मी म्हटलं, भात गार होतोय तुझा. जेव.